जळगावची जेएल-२४ : नव्वद दिवसांच्या शेंगेमागची गोष्ट

खानदेशात भुईमुगाच्या बियाण्याचा विषय निघाला की जेएल-२४ चं नाव येतंच. 'जेएल' म्हणजे जळगाव. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव केंद्रात तैवानहून आलेल्या वाणातून निवड करून ही जात तयार झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'फुले प्रगती' या नावाने शेतात आली.

त्याआधी इकडे पसऱ्या आणि निमपसऱ्या जाती होत्या. त्यांच्या शेंगा वेलभर विखुरलेल्या असायच्या. काढणीनंतरही मातीत इतक्या शेंगा राहायच्या की बाया-पोरं सरवा वेचायची. मग उपटी, म्हणजे न पसरता उभी वाढणारी, एसबी-११ जात आली. तिला १०५ ते ११५ दिवस लागतात, आणि खरी अडचण तिथेच होती. मृगात पेरलेल्या पिकाला हलक्या, मुरमाड रानात शेवटचे पंधरा दिवस ओल पुरत नाही. आऱ्या (फुलापासून निघून मातीत शिरणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत गेलेल्या असतात, शेंगाही धरलेल्या असतात, पण दाणा भरत नाही आणि शेंग पोचट निघते.

जेएल-२४ ९० ते ९५ दिवसांत तयार होते. हे दोन-तीन आठवडे म्हणजेच तिचं मोठेपण, असं मी मानतो. पाऊस सरायच्या आत शेंग घरी येते आणि मध्यम जमिनीत मागे हरभरा किंवा दादर (रब्बी ज्वारी) घेता येते. झाड उपटलं की बुडाशी शेंगांचा झुबका दिसतो. एखादी फोडून पाहावी : टरफलाची आतली बाजू काळपट झाली असेल तर पीक काढणीला आलं. दाणा टपोरा असल्यामुळे हेक्टरी बियाणं मात्र जास्त लागतं, १२० ते १२५ किलो, तर एसबी-११ चं १०० किलोत भागतं.

तिचे दोषही शेतकऱ्याने सोसलेत. टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या रोगांना ती लवकर बळी पडते. दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे उगवण्याआधीचा विसावा, नाही; त्यामुळे काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला की शेंगेला जमिनीतच कोंब फुटतात आणि तीन महिन्यांची मेहनत मातीत जाते.

पुढे जळगावनेच जेएल-२२०, जेएल-५०१, जेएल-७७६ अशा जाती दिल्या. पण जेएल-२४ तोवर फार दूर पोचली होती. मलावीत ती 'काकोमा' आणि झांबियात 'लुएना' या नावाने पेरली जाते. तिथेही पाऊस थोडेच महिने असतो.