प्रक्षेपण-प्राचलांची स्वयंचलित निवड

पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग कागदावर किंवा पडद्यावर सपाट मांडायचा तर प्रक्षेपण लागते, आणि प्रत्येक प्रक्षेपणाला काही आकडे पुरवावे लागतात: मध्य रेखावृत्त, आरंभाचे अक्षवृत्त, एक किंवा दोन प्रमाण अक्षवृत्ते (ज्यांवर नकाशाचे प्रमाण अचूक असते), प्रमाण गुणक (मध्य रेखावृत्तावरची अंतरे ज्या आकड्याने गुणायची तो), आणि निर्देशक ऋण होऊ नयेत म्हणून आरंभबिंदू किती सरकवायचा ते अंतर. या आकड्यांना प्राचल म्हणतात. भौगोलिक डेटावर प्रक्रिया करणारी संगणक-आज्ञावली हे आकडे वापरकर्त्याला न विचारता डेटाच्या विस्तारावरून स्वतः काढते, तेव्हा त्याला प्राचलांची स्वयंचलित निवड म्हणतात.

गरज कुठून येते ते एका साध्या गोष्टीत दिसते. मोबाइल आणि जीपीएस अक्षांश-रेखांश अंशांत देतात. शेताचे क्षेत्रफळ, रस्त्याची लांबी, विहिरीभोवतीचा पाचशे मीटरचा पट्टा मात्र मीटरमध्ये हवा असतो. एक अंश रेखांशाचे अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे १०५.६ आणि श्रीनगरच्या अक्षांशावर सुमारे ९२ किलोमीटर भरते. त्यामुळे ‘चौरस अंश’ या एककाला मोजणीत काही अर्थ नाही. मोजण्याआधी बिंदू मीटरच्या जाळीवर आणावे लागतात आणि ती जाळी कुठे केंद्रित करायची, हा निर्णय कोणीतरी घ्यावाच लागतो.

संगणकाच्या आधीही हा निर्णय ठरावीक रीतीने होत असे. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी भूपत्रके बहुशंकू प्रक्षेपणावर होती आणि प्रत्येक पत्रकाचे मध्य रेखावृत्त त्या पत्रकाच्या मधूनच जाई. पत्रकाचा क्रमांक कळला की प्राचल कळले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुल्या असलेल्या पत्रकांसाठी डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवरील (डेटम म्हणजे पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार आणि स्थान) यूटीएम ही आडव्या मर्केटरची जाळी स्वीकारली गेली.

यूटीएमचा सोपा मार्ग

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे डेटाचा मध्यबिंदू ज्या यूटीएम पट्ट्यात पडेल तो पट्टा घेणे. यूटीएमने ८० अंश दक्षिण ते ८४ अंश उत्तर हा भाग सहा-सहा अंशांच्या ६० उभ्या पट्ट्यांत वाटला आहे. रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांक घ्या, १ मिळवा: पट्ट्याचा क्रमांक मिळाला. क्रमांकाला ६ ने गुणून १८३ वजा केले की मध्य रेखावृत्त मिळते. ७४ अंश पूर्व रेखांशासाठी पट्टा ४३ येतो आणि मध्य रेखावृत्त ७५ अंश. बाकीचे आकडे ठरलेले असतात: प्रमाण गुणक ०.९९९६, पूर्वेकडचे सरकवणे ५,००,००० मीटर, आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचे सरकवणे १,००,००,००० मीटर. ईपीएसजी या निर्देशक-प्रणालींना संकेतांक देणाऱ्या सूचीत उत्तर गोलार्धाचे संकेतांक ३२६ ने आणि दक्षिणेचे ३२७ ने सुरू होतात. पुढे पट्ट्याचा क्रमांक जोडला की झाले. सूत्राला अपवाद आहेत ते नॉर्वेचा नैर्ऋत्य किनारा आणि स्वालबार्ड. तिथे पट्टे मुद्दाम रुंद-अरुंद केले आहेत, आणि घाईने लिहिलेला कोड नेमका तिथेच चुकतो.

पायथनमधील जिओपांडाज या संचात एका आज्ञेत हा पट्टा मिळतो. प्रोज या मूळ प्रक्षेपण-ग्रंथालयात पट्टा दिला नाही आणि मध्य रेखावृत्त दिले, तर त्यावरून पट्टा काढला जातो. पोस्टजीआयएस या भौगोलिक डेटाबेसची तऱ्हा विशेष शिकण्यासारखी आहे. गोलावरील आकृतीभोवती बफर, म्हणजे ठरावीक अंतराचा पट्टा, काढायला सांगितले, की ते आधी आकृतीचा विस्तार तपासते. विस्तार एका यूटीएम पट्ट्यात मावला तर तो पट्टा, ध्रुवाजवळ असेल तर लँबर्टचे समक्षेत्र खमध्य प्रक्षेपण (क्षेत्रफळ जपणारे, एका बिंदूभोवती केंद्रित), आणि काहीच बसले नाही तर शेवटी मर्केटर. वापरकर्त्याला यातले काही दिसत नाही. छोट्या आकृत्यांसाठी ही सोय उत्तम आहे. पण खंडभर पसरलेल्या आकृतीचा बफर मर्केटरवर काढला गेला तर निकाल विश्वासाचा राहत नाही, हे आधी माहीत असायला हवे.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यासाठी यूटीएमची खरी अडचण ७८ अंश पूर्व रेखावृत्त ही आहे. मुंबई, पुणे, नाशिक, लातूर, अमरावती आणि सगळा गोवा पट्टा ४३ मध्ये येतो. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली पट्टा ४४ मध्ये. म्हणजे विदर्भाच्या मधूनच शिवण जाते. ७८ रेखांश आणि २० अक्षांश यांवरचा एकच बिंदू पट्टा ४३ मध्ये मांडला तर त्याचे पूर्व-अंतर सुमारे ८१४ किलोमीटर येते आणि ४४ मध्ये सुमारे १८६ किलोमीटर. दोन्ही आकडे दिसायला साधे आणि बरोबर असतात. पट्ट्याचा क्रमांक सोबत नसेल तर कोणता कुठला, हे आकड्यांकडे पाहून ओळखता येत नाही.

चुकीचा पट्टा घेतल्याने मोजमाप किती बिघडते? गडचिरोली शहर ८० अंश रेखांशाच्या आसपास आहे. तिथले सर्वेक्षण पट्टा ४४ मध्ये केले तर एका किलोमीटरमागे सुमारे २७ सेंटिमीटर कमी भरतात. संपूर्ण राज्यासाठी पट्टा ४३ नेमून दिला असेल तर तिथेच किलोमीटरमागे जवळजवळ ३ मीटर जास्त भरतात, आणि शंभर हेक्टरचा जंगलाचा तुकडा सुमारे १००.६ हेक्टर दिसतो. वनहक्काच्या दाव्यात किंवा भूसंपादनाच्या मोजणीत हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. नाशिकच्या बाजूच्या गटांना अचूक मोजायचे आणि पूर्वेकडच्या गटांना ढोबळ, असे एका राज्यात चालता कामा नये.

राज्य, देश आणि प्रमाण अक्षवृत्ते

प्रदेश एका पट्ट्यापेक्षा रुंद असला की ठरलेले पट्टे सोडून त्या प्रदेशापुरते प्राचल काढणे श्रेयस्कर. पूर्व-पश्चिम पसरलेल्या मध्यम अक्षांशातील प्रदेशाला शंकू प्रक्षेपण, उत्तर-दक्षिण लांबट प्रदेशाला आडवे मर्केटर, सर्व दिशांना सारख्या पसरलेल्या प्रदेशाला खमध्य प्रक्षेपण, हा जुना संकेत आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन स्नायडर यांनी १९८७ च्या आपल्या प्रक्षेपण-पुस्तिकेत असे निकष व्यवस्थित मांडले आणि आजच्या बऱ्याच आज्ञावल्यांतील निवडीची सूत्रे त्यांवरच उभी आहेत. बोयान शाव्रिच, बर्नहार्ड जेनी आणि हेलन जेनी यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या ‘प्रोजेक्शन विझार्ड’ या साधनातही हाच धागा आहे: जगाच्या नकाशावर चौकट ओढायची, कोणता गुणधर्म जपायचा ते सांगायचे, आणि साधन प्रक्षेपणासह प्राचल सुचवते.

शंकू प्रक्षेपणाच्या दोन प्रमाण अक्षवृत्तांसाठी एक-षष्ठांशाचा नियम वापरतात. प्रदेशाच्या उत्तर-दक्षिण विस्ताराचा सहावा भाग खालच्या आणि वरच्या टोकापासून आत घ्यायचा. महाराष्ट्राचा विस्तार १५°४४′ ते २२°६′ उत्तर आणि ७२°३६′ ते ८०°५४′ पूर्व असा घेतला, तर सहावा भाग सुमारे १°४′ येतो. प्रमाण अक्षवृत्ते १६°४८′ आणि २१°२′, मध्य रेखावृत्त ७६°४५′. या प्राचलांनी लँबर्टचे अनुरूप (लहान भागांचा आकार जपणारे) शंकू प्रक्षेपण केले, तर राज्याच्या मध्यभागी किलोमीटरमागे सुमारे ७० सेंटिमीटर कमी आणि दक्षिण-उत्तर टोकांना सुमारे ८५ सेंटिमीटर जास्त भरतात, आणि हे सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत एकाच जाळीत. शिवण नाही, दोन पट्टे नाहीत. क्षेत्रफळच हवे असेल तर तीच अक्षवृत्ते घेऊन आल्बर्सचे समक्षेत्र प्रक्षेपण वापरता येते. राज्यव्यापी डेटासाठी यूटीएमची सवय सोडून हा मार्ग धरावा, असे या आकड्यांवरून स्पष्ट म्हणता येते.

एक-षष्ठांश हा अंतिम शब्द नव्हे. रशियन नकाशाशास्त्रज्ञ काव्रायस्की यांनी प्रदेशाच्या आकाराप्रमाणे हा भाजक बदलावा असे सुचवले होते. त्याच्या कितीतरी आधी, १८५६ मध्ये, चेबिशेव्ह यांनी एक सुंदर विधान केले: एखाद्या प्रदेशासाठी सर्वोत्तम अनुरूप प्रक्षेपण तेच, ज्यात प्रदेशाच्या सीमेवर प्रमाण सर्वत्र सारखे राहते. चौकटीवरून काढलेले प्राचल हे त्या आदर्शाचे ढोबळ रूप आहे, कारण चौकट आणि प्रदेश एक नसतात. महाराष्ट्राच्या चौकटीतही मध्य प्रदेश, तेलंगण आणि अरबी समुद्र यांचे मोठे तुकडे येतात.

अधिकृत प्राचल उपलब्ध असतील तर सूत्राने काढलेले बाजूला ठेवावेत. भारताच्या मुख्य भूमीला एक-षष्ठांशाचा नियम लावला तर अक्षवृत्ते सुमारे १२°५४′ आणि ३२°१६′ येतात. ईपीएसजी सूचीत ७७५५ या संकेतांकाने नोंदलेल्या भारताच्या राष्ट्रीय चौकटीत ती सुमारे १२.४७ आणि ३५.१७ अंश आहेत, आरंभबिंदू २४ उत्तर, ८० पूर्व, आणि दोन्ही दिशांचे सरकवणे ४०,००,००० मीटर. ज्यांच्याशी डेटा जुळवायचा आहे त्यांनी हीच चौकट घेतली असेल, तर अचूकतेत थोडे मिळवण्यासाठी वेगळी जाळी उभारण्यात शहाणपण नाही.

मध्य कुठे चुकतो

स्वयंचलित निवडीचे यश एका प्रश्नावर ठरते: डेटाचा विस्तार खरा आहे का? पुणे परिसरातील विहिरींच्या हजारो नोंदींत एका नोंदीचे अक्षांश-रेखांश रिकामे राहून शून्य-शून्य भरले गेले, तर चौकट गिनीच्या आखातापर्यंत ताणली जाते. तिचा मध्य इथिओपियात जातो आणि आज्ञावली निमूटपणे पट्टा ३७ निवडते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर मुंबईचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पडतो. म्हणून चौकटीच्या मध्यापेक्षा बिंदूंचा मध्यक घेणे, किंवा टोकाचे एक-दोन टक्के बिंदू वगळून मग चौकट काढणे सुरक्षित. विस्तार अपेक्षेबाहेर गेला तर आज्ञावलीने थांबून विचारावे. मुकाट पुढे जाणारी सोय इथे घातक ठरते.

दुसरा सापळा १८० अंश रेखावृत्ताचा. फिजीची बेटे त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. १७७ पूर्व आणि १७८ पश्चिम यांची सरळ सरासरी शून्याजवळ येते, म्हणजे मध्य रेखावृत्त ग्रिनिचपाशी, पृथ्वीच्या नेमक्या उलट बाजूला. उपाय असा की रेखांशांना वर्तुळावरील दिशा मानायचे, त्यांच्या ज्या (साइन) आणि कोज्या (कोसाइन) यांची सरासरी घ्यायची आणि त्यांवरून कोन परत काढायचा. जिओजेसन या भौगोलिक डेटाच्या फाइल-मांडणीच्या प्रमाणपत्रकात, आरएफसी ७९४६ मध्ये, अशा चौकटीची पश्चिम कड पूर्व कडेपेक्षा मोठी लिहावी असे सांगितले आहे. बरेच कोड हे वाचत नाहीत.

तिसरी गोष्ट डेटमची. जुन्या भारतीय भूपत्रकांचे एव्हरेस्ट १८३० आणि आजचे डब्ल्यूजीएस ८४ यांत पृथ्वीच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच साडेआठशे मीटरांहून थोडा अधिक फरक आहे. जुन्या भूपत्रकावरून उतरवलेले अक्षांश-रेखांश कोणत्या डेटमचे, हे आकड्यांवरून कळत नाही. मध्य रेखावृत्त डेटा पाहून काढता येते, डेटम मात्र डेटा पाहून काढता येत नाही. तो पत्रकाच्या समासातूनच वाचावा लागतो. तसाच मोजणीचा हेतू. क्षेत्र जपायचे, आकार जपायचा की एका ठिकाणापासूनची अंतरे, हे बिंदूंमध्ये कुठेही लिहिलेले नसते. वेबवरील नकाशांचे मर्केटर प्रक्षेपण तसेच ठेवून नागपूरजवळचे क्षेत्रफळ मोजले तर ते सुमारे १५ टक्क्यांनी जास्त येते, आणि कोणतीही सूचना झळकत नाही.

निवड आणि नोंद

डेटावरून काढलेले प्राचल डेटा बदलला की बदलतात. लातूरच्या नोंदींनी सुरू झालेल्या प्रकल्पात पुढे चंद्रपूरच्या भरपूर नोंदी आल्या, तर मध्य सरकून पट्टा ४३ चा ४४ होऊ शकतो आणि कालच्या फाइलमधील विहीर आजच्या फाइलमध्ये सहाशेहून अधिक किलोमीटर सरकलेली दिसते. म्हणून निवड एकदाच, प्रकल्पाच्या आरंभी आणि प्रकल्पाच्या नियोजित सीमेवरून करावी. हाती आलेल्या बिंदूंवरून नव्हे. निघालेले आकडे सोयीच्या पूर्ण मिनिटांना किंवा अंशांना आणावेत आणि संपूर्ण वर्णन, डेटमसह, फाइलसोबत ठेवावे. आयएसओ १९१६२ या प्रमाणकाने ठरवलेली मजकूररूप मांडणी यासाठीच आहे. स्वतः काढलेल्या प्राचलांना ईपीएसजी संकेतांक नसतो, त्यामुळे नुसता क्रमांक लिहून भागत नाही.

फक्त पाहण्यासाठी असलेल्या नकाशांना हे बंधन नाही. जीएमटी या नकाशे काढणाऱ्या आज्ञावलीत अनेक प्रक्षेपणांचा मध्य दिला नाही तर तो मागितलेल्या प्रदेशाच्या मधोमध धरला जातो, आणि डी-थ्री या वेबवरील चित्रणाच्या ग्रंथालयात दिलेल्या चौकटीत आकृती नेमकी बसेल असे प्रमाण व सरकवणे एका आज्ञेत निघते. बर्नहार्ड जेनी यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अनुकूली संयुक्त प्रक्षेपणांत तर वाचक नकाशा लहान-मोठा करेल तसे प्रक्षेपण आणि प्राचल दोन्ही बदलत जातात: जगाकडून खंडाकडे येताना लँबर्टचे समक्षेत्र खमध्य, मध्यम अक्षांशांच्या प्रदेशांना आल्बर्सचे शंकू, आणि गावाच्या पातळीवर मर्केटर. तिथे कोणताही निर्देशक साठवला जात नाही, मूळ अक्षांश-रेखांश जागच्या जागी राहतात, आणि म्हणून प्रत्येक हालचालीला नवे प्राचल काढले तरी काही बिघडत नाही.