जुने पूल, जुनी धरणं आणि सिव्हिलचा अभ्यासक्रम: थोडी पार्श्वभूमी

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पोरांना जुन्या बांधकामाबद्दल फार कमी शिकवलं जातं, आणि याचं मूळ बरंच मागे आहे. आपल्याकडे हे शिक्षण सुरूच झालं ते नवीन बांधायला माणसं हवीत म्हणून, रुरकीचं कॉलेज १८४७ ला गंगेच्या कालव्यासाठी, पुण्याचं १८५४ ला सरकारी बांधकामावर हाताखाली माणसं लागत होती म्हणून. तो साचा अजून तसाच आहे, डिझाइनचे पेपर भरपूर आणि तपासणी-दुरुस्ती कुठेतरी इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयात.

पण आता सगळ्याचं वय झालंय. नाशिकचंच बघा ना, नांदूरमधमेश्वरचा बंधारा १९११ चा, दारणा धरण १९१६ चं. गंगापूर त्यामानाने तरुण, तरी गाळ साचून ७२०० दशलक्ष घनफुटांचं ५६३० वर आलंय, आणि भिंतीवर उभं राहून यातलं काहीच कळत नाही.

सरकारी पातळीवर शहाणपण आलं ते ठेच लागूनच. पानशेत १९६१ ला फुटलं, गुजरातेतलं मच्छू १९७९ ला. पुढच्याच वर्षी, १९८० ला, महाराष्ट्राची धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली, तीही आपल्या दिंडोरी रोडला मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आवारात. म्हणजे म्हाताऱ्या धरणांची नाडी बघणारी माणसं याच गावात बसतात आणि आमच्या कॉलेजची पोरं चार वर्षांत एकदाही तिकडे जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग महाड. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल गेला, त्याच्यासोबत दोन एसट्या गेल्या. त्याच मे महिन्यात तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला ठीक आहे असं ठरलं होतं. मी वर्गात इथेच थांबतो, कारण पुरात खांबाच्या बुडाशी माती खरवडून जाते ती पाण्याखाली, वरून चालत गेलेल्याला ती दिसणारच नाही.

म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं की थर्ड इयरला गोदेवरच्या एका जुन्या पुलाखाली नेतो. हातोडीने काँक्रीट ठोकायचं, टणक वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं की खडूने गोल करायचा. सांध्यात उगवलेला पिंपळ, चुन्याचे पांढरे ओघळ, हे सगळं वहीत तारखेसकट. परवा एकीने विचारलं, सर याचं मूळ ड्रॉइंग कुठाय? ते अजून मिळालेलं नाही, त्यामुळे पोरं टेप लावून स्वतःच मापं घेतायत, एक खांब झालाय.