थायरॉइडची गोळी चालू असताना दुबईला जायचंय? कागदपत्रं आणि विम्याची माहिती

खेडच्या आमच्या मेडिकलमध्ये महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, "व्हिसा आलाय, पण थायरॉइडची गोळी चालू आहे. नेता येईल ना?" नेता येते. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) हे नियंत्रित औषध नाही. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांना अमिरातीत आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, तशी हिला लागत नाही. तिथे पोचल्यावर रेसिडेन्सीसाठी होणारी तपासणीही मुख्यतः एचआयव्ही आणि टीबीसाठी असते, थायरॉइडसाठी नव्हे. तेव्हा आजार लपवायचं काहीच कारण नाही. अडतं ते कागदावर.

सगळ्यात महत्त्वाची डॉक्टरांची चिठ्ठी. ती लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणि रजिस्ट्रेशन नंबरासह हवी. त्यात आजाराचं नाव, औषधाचं मूळ नाव (नुसता ब्रँड नको, तिकडे तो मिळेलच असं नाही), किती मायक्रोग्रॅम आणि दिवसाला किती, हे सगळं यायला हवं. आणि नाव पासपोर्टवरचंच. आपल्याकडे गोची होते ती इथेच. पासपोर्टवर माहेरचं नाव, चिठ्ठीवर सासरचं आणि लॅबच्या रिपोर्टवर घरात हाक मारतात ते! तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे विमानतळावर कोण पटवून देणार? निघायच्या महिनाभर आधी टीएसएच आणि फ्री टी-४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्या, म्हणजे रिपोर्टवर नाव नीट पडेल आणि डोसही तपासला जाईल. त्याला औषधाचं पक्कं बिल जोडा.

गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा आणि बाटली हातातल्या बॅगेत. गेल्या शिमग्याला एक मावशी मुलासाठीच्या गोळ्या सुपारीच्या डबीत ओतून आल्या होत्या, "बाटली जागा खाते" म्हणून. लेबल गेलं की त्या नुसत्या पांढऱ्या गोळ्या. कस्टमवाल्याला काय कळणार? शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत उघड्या डबीतलं औषध खराब होतं, ते वेगळंच. सोबत तीन महिन्यांचा साठा असू द्या. आंब्याच्या पेटीबरोबर शेजाऱ्याच्या गोळ्याही न्यायच्या ही आपली जुनी सवय आहे, पण दुसऱ्याच्या नावाचं औषध स्वतःच्या बॅगेत घेऊ नका.

आता विमा. नोकरदाराचा विमा काढणं ही मालकाची जबाबदारी, मात्र कुठल्या अमिरातीत (म्हणजे त्या देशातल्या कुठल्या राज्यात) जाताय त्यावर पुढचं गणित बदलतं. दुबईतल्या कमी पगारवाल्यांच्या मूळ योजनेत वर्षाला दीड लाख दिरहॅमपर्यंत संरक्षण असतं. पण पहिल्यांदाच विमा निघत असेल तर आधीपासूनच्या आणि जुनाट आजारांचा खर्च पहिले सहा महिने मिळत नाही. म्हणजे नेलेली बाटली संपल्यावरचे तीन महिने खिशातून. शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा इथे 1 जानेवारी 2025 पासून मूळ विमा सक्तीचा झाला. त्याचा हप्ता वर्षाला 320 दिरहॅमपासून, आणि जुनाट आजारांना थांबायची अट नाही. औषधांचा 30 टक्के खर्च आपण भरायचा, औषधांची वार्षिक मर्यादा 1500 दिरहॅम.

विम्याच्या फॉर्मवर "पूर्वीचा आजार" असा रकाना असतो. एजंट म्हणतो, "नाही लिहा, उगाच कटकट." ऐकू नका. लपवलेला आजार नंतर बाहेर आला की क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का असेल, म्हणजे साधारणपणे दहावी पास नसाल, तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून इमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीला जायची परवानगी) आणि प्रवासी भारतीय बीमा योजना या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. हप्ता दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, वर कर. तो 10 लाखांचा अपघात विमा आहे, रोजच्या गोळीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

तिकडे एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) हातात आला की क्लिनिकमध्ये तोच दाखवायचा आणि इथली चिठ्ठी पुढे करायची. ब्रँड किंवा डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचं. तिकडच्या रिपोर्टवर फ्री टी-४ बहुधा वेगळ्या एककात येतो. इथला 1.2 तिथे साधारण 15 दिसतो आणि मग रात्री अकराला आम्हाला फोन येतो. आजार वाढलेला नसतो, त्याच आकड्याला साधारण 13 ने गुणलेलं असतं. टीएसएचचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच. रमजानात रोजे धरणाऱ्यांनी गोळी सहरीच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची की इफ्तारनंतर तीन-चार तासांनी झोपताना, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. दिवस राहिले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठायचा, कारण तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

आणि गणपतीला गावी याल तेव्हा तिकडची रिकामी बाटली घेऊन या. "छोटी पांढरी गोळी होती" एवढ्यावर आम्हाला 50 मायक्रोग्रॅमची की 75 ची ते सांगता येत नाही.