जलतरण तलावातील कॅल्शियम कठीणपणा

जलतरण तलावातील कॅल्शियम कठीणपणा : तलावाच्या पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचे प्रमाण. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या तुल्य वजनात, म्हणजे मिलिग्रॅम प्रतिलिटर किंवा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) सांगतात. प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा एकूण कठीणपणा दिलेला असतो. त्यात मॅग्नेशियमही धरलेले असते. तलावात पांढरा थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियमचा आकडा वेगळा मागून घ्यावा. सिमेंटचा गिलावा किंवा टाइल्स असलेल्या तलावासाठी 200 ते 400 पीपीएम ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण कठीणपणा 200 पर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेले बोअरवेलचे पाणी तलावात भरल्या दिवसापासूनच जड असू शकते.

मोजणी अवघड नाही. 25 मिलिलिटर पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून सामू (पीएच) 12 च्या वर नेतात. त्यामुळे मॅग्नेशियम साक्याच्या रूपात बाजूला पडते. मग दर्शक (रंग बदलून खूण देणारे रसायन) टाकला की पाणी लालसर होते. त्यात ईडीटीएचे, म्हणजे कॅल्शियमला बांधून घेणाऱ्या रसायनाचे, द्रावण थेंबाथेंबाने सोडत राहायचे. लाल जाऊन निळा रंग आला की थांबायचे आणि थेंब मोजायचे. शैवाल मारण्यासाठी मोरचूद किंवा तांब्याचे दुसरे औषध वापरलेल्या तलावात मात्र रंग जांभळ्यावरच रेंगाळतो. अशा वेळी ईडीटीएचे पाच-सहा थेंब आधी टाकावेत, दर्शक नंतर, आणि ते थेंब हिशेबात धरावेत.

कॅल्शियम वाढते दोन वाटांनी आणि दोन्ही रोजच्या कामातल्याच असतात. पहिली वाट बाष्पीभवनाची. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागे राहतात. तूट भरायला घातलेले पाणी आपले क्षार घेऊन येते. समजा तलावाची सरासरी खोली दीड मीटर आहे, उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर पाणी उडते आणि भर घातली जाते ती 400 पीपीएमच्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची. मार्च ते मे या 90 दिवसांत 72 सेंटिमीटर, म्हणजे तलावाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उडून जाते आणि कठीणपणा सुमारे 190 पीपीएमने चढतो. दुसरी वाट ब्लीचिंग पावडरची, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पावडर चुन्यापासून बनते. तिच्यातून 10 पीपीएम क्लोरीन दिले की निदान 14 पीपीएम कठीणपणा सोबत येतो. रोज दोन पीपीएम क्लोरीनचा हिशेब धरला तर त्याच 90 दिवसांत आणखी अडीचशेची भर पडते. बादलीत पावडर कालवून नुसती निवळी ओतली तरी विरघळलेले कॅल्शियम निवळीतच असते. गाळ तेवढा वाचतो. 65 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरले तर ही भर साधारण निम्मी होते. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटमधून कॅल्शियम मुळीच येत नाही. क्लोरीनच्या गोळ्यांतूनही (टीसीसीए) येत नाही, पण त्या पाण्यात सायन्युरिक आम्ल (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे रसायन) साठवत जातात.

अशा रीतीने 400 वर सुरू झालेला तलाव मेअखेर 800 च्या घरात जातो. फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुताना) थोडे जुने पाणी बाहेर जाते, तेवढाच दिलासा. गळक्या तलावात हा आकडा फारसा चढत नाही. आकडा अचानक स्थिरावला तर आनंद मानण्याआधी गळती तपासावी.

800 हा आकडा दिसला की तलाव बिघडला असे अनेक जण धरून चालतात. ते बरोबर नाही. थर बसेल की नाही हे कॅल्शियम, सामू, अल्कता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, तीही पीपीएममध्ये) आणि तापमान मिळून ठरवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलिअर यांनी 1936 मध्ये नळांच्या गंजासंदर्भात मांडलेला संपृक्तता निर्देशांक तलावांसाठीही वापरतात. सामू, तापमानाचा गुणांक, कॅल्शियमचा गुणांक आणि अल्कतेचा गुणांक (गुणांक तयार तक्त्यातून घेतात) यांच्या बेरजेतून 12.1 वजा करायचे. एकूण विरघळलेले क्षार 1,000 पीपीएमच्या वर असतील तर 12.2. उत्तर उणे 0.3 ते अधिक 0.3 मध्ये असले की पाणी समतोल. त्याहून वर गेले तर थर बसण्याची भीती, खाली गेले तर पाणी गिलावा आणि टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट खाऊ लागते.

आपल्या 800 पीपीएमच्या तलावात तापमान 29 अंश सेल्सिअस, सामू 7.8 आणि अल्कता 120 असेल तर (12.2 धरून) निर्देशांक येतो 0.9 च्या जवळ. पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा, सॅण्ड फिल्टरमध्ये वाळूचे गोळे, हीटर असेल तर त्याच्या नळ्यांत सगळ्यात आधी थर, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते. याच तलावात सामू 7.3 आणि अल्कता 70 वर आणली तर निर्देशांक 0.15 होतो. कॅल्शियमचा एक कणही न काढता पाणी समतोलात येते.

यातली अल्कता सामूपेक्षा महत्त्वाची. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जात असतो आणि तसतसा सामू चढतो. कारंजे, धबधबा, मुलांच्या उड्या यांनी तो आणखी लवकर चढतो. अल्कता 120 असेल तर सकाळी उतरवलेला सामू दोन-तीन दिवसांत पुन्हा मूळपदावर. 60 ते 70 असेल तर तो सावकाश चढतो आणि आम्लही कमी लागते. एक लाख लिटरच्या तलावात अल्कता 120 वरून 70 वर आणायला 33 टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल साडेनऊ लिटरच्या आसपास लागते. ते एकदम कधीच ओतायचे नाही. पंप चालू ठेवून, तलावात कोणी नसताना, खोल बाजूला, काही दिवसांत विभागून द्यायचे. ब्लीचिंग पावडरची बादली किंवा तिचे माप आम्लासाठी वापरले तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींची भांडी वेगळीच हवीत. अशा तलावात सामू वाढवायला धुण्याचा सोडा टाकण्याची चूकही नेहमीची: पाणी तासाभरात दुधासारखे पांढरे होते.

बसलेल्या थरावर आम्लाचा थेंब टाकून पाहावा. फसफसला तर कार्बोनेट, सौम्य आम्लाने आणि ब्रशने निघतो. फसफसला नाही तर सिलिकेट किंवा सल्फेट असण्याची शक्यता, आणि त्याला घासण्यावाचून इलाज नाही. ‘स्केल रिमूव्हर’ म्हणून विकली जाणारी फॉस्फोनेटयुक्त द्रावणे कॅल्शियम काढत नाहीत, फक्त बांधून ठेवतात. क्लोरीन त्यांना हळूहळू मोडते, म्हणून मात्रा देत राहावी लागते आणि मागे फॉस्फेट उरते.

कॅल्शियम खरोखर कमी करायचे तर पाणीच बदलावे लागते. 800 च्या तलावातले निम्मे पाणी काढून 200 चे भरले तर 500 होते; त्याच टँकरचे 400 चे भरले तर 600. भरायच्या पाण्याची तपासणी आधी केलेली बरी. अ‍ॅरिझोना, नेवाडा यांसारख्या अमेरिकेतील कोरड्या राज्यांत ट्रकवर बसवलेला आरओ संच तलावाशेजारी उभा करून तेच पाणी गाळून परत सोडतात. घरगुती सॉफ्टनरचे पाणी भरीसाठी चालते, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते.

महाराष्ट्रातील उघड्या तलावांना जून ते सप्टेंबर हा फुकटचा उतारा मिळतो. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतेच. पावसाळ्याच्या तोंडावर तलाव काही सेंटिमीटर उतरवायचा, पावसाने भरू द्यायचा, पुन्हा उतरवायचा. याच दिवसांत तलाव पूर्ण रिकामा करणे मात्र धोक्याचे: भूजल वर आलेले असते, आत पाण्याचे वजन नसले की ते काँक्रीटचा तळ खालून उचलते आणि तडे जातात. पूर्ण रिकामा करायचाच असेल तर एप्रिल-मे गाठावा, आणि तेव्हा भरायला पाणी कुठून आणणार हे आधी ठरवावे.