नाव गेलं, आकडा उरला

सोलापूरच्या पूर्व भागातले एक काका परवा घरी आले. यंत्रमागावर चाळीस वर्षं काढलेला माणूस. हातातल्या पिशवीत आजोबांचा कडा झिजलेला फोटो आणि सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरच्या चार पानांची झेरॉक्स. आजोबा तेलंगणातून मागाच्या कामाला सोलापुरात आले, एवढंच घरात माहीत. कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाच्या ओळखीने, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

"सर, तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकवता म्हणून आलो. १९११ च्या खानेसुमारीत आजोबाचं नाव असणारच की ओ. घरोघर जाऊन लिहून घेतलंय इंग्रजानं. ते रजिस्टर कुठं बघायला मिळतं, तेवढं सांगा."

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या दप्तरांची आस सगळ्यांनाच लागली आहे आणि 'खानेसुमारीत नाव असणारच' हा समज मला दर दोन-चार दिवसांनी ऐकू येतो. काकांकडचं गॅझेटियर १८८४ सालचं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. त्यात जाती आहेत, धंदे आहेत, प्रत्येकाची संख्या आहे. ती संख्या ज्यांची बनली, त्या माणसांची नावं मात्र त्यात नाहीत.

नावं गेली कुठे? १९०१ पासून आपल्याकडे चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रगणकाने भरलेल्या याद्या मोजणी कचेरीत जमा व्हायच्या. तिथे कारकून यादीतल्या प्रत्येक माणसाची एक लहान चिठ्ठी करायचा. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळायचा, स्त्री की पुरुष हे खुणेवरून. मग त्या चिठ्ठ्या खणाखणांच्या कपाटात टाकायच्या आणि एकेका खणातला गठ्ठा मोजायचा. लाखो माणसं अशी हातांनी मोजली गेली. या मोजणीत नावाला काही कामच नव्हतं. तक्ते छापून झाले की कागद रद्दीत जायचे. काकांचे आजोबा १९११ च्या कुठल्यातरी बेरजेत नक्की आहेत, पण त्या बेरजेतून त्यांना पुन्हा वेगळं काढता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याचं कलम १५ सांगतं, की जनगणनेची नोंद पाहायचा हक्क कोणालाही नाही, आणि ती दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. किती वर्षांनी हे कुलूप उघडेल, याबद्दल त्यात काही नाही. इतर देशांत मुदत ठरलेली असते. अमेरिकेत ७२ वर्षं, म्हणून १९५० ची जनगणना तिथे १ एप्रिल २०२२ ला नावानिशी खुली झाली. कॅनडात ९२ वर्षं. इंग्लंडमध्ये १०० वर्षं, तिथली १९२१ ची पानं जानेवारी २०२२ मध्ये लोकांना पाहायला मिळाली. तिकडचा एखादा नातू घरबसल्या पणजोबांची सही बघतो, आणि आपले काका झेरॉक्स घेऊन फिरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

तरीही कुलूप का लागतं, हे समजून घ्यायला हवं. यातलं गणित मला फार आवडतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

१९११ सालचा एक काल्पनिक वाडा घेऊ. त्यात तीन माणसं. समजा सरकारने नाव एकही छापलं नाही, फक्त चार निरुपद्रवी आकडे छापले. एक, वाड्यातली माणसं ३, सरासरी वय ४०, मधलं वय ३८. दोन, विणकाम करणारे २, त्यांचं सरासरी वय ५४. तीन, स्त्रिया २, त्यांचं सरासरी वय ४१. चार, विणकाम न करणाऱ्या विधवा १.

आता सोडवा. तिघांच्या वयांची बेरीज ३ गुणिले ४०, म्हणजे १२०. दोन विणकरांची बेरीज १०८. मग न विणणारं माणूस १२ वर्षांचं. मधलं वय ३८, म्हणून उरलेलं तिसरं वय ७०. दोन स्त्रियांच्या वयांची बेरीज ८२, आणि ती फक्त १२ आणि ७० यांचीच होते. म्हणजे पुरुष ३८ वर्षांचा. आता चौथा आकडा बघा. विणकाम न करणारी स्त्री एकच, ती बारा वर्षांची. ती विधवा आहे.

चार ओळींत आपण त्या मुलीपर्यंत पोहोचलो. गल्लीत बारा वर्षांची मुलगी असलेला वाडा कोणता, हे शेजाऱ्यांना माहीतच असतं. उदाहरण मी मुद्दाम असं घेतलं, कारण त्या काळच्या जनगणनेच्या तक्त्यांत वयानुसार विधवांची संख्या खरोखर छापली जायची आणि त्यात दहा वर्षांखालच्या मुलीही असायच्या.

माणसं तीनाऐवजी तीस कोटी आणि तक्ते चाराऐवजी अब्जावधी आकड्यांचे असले, तर? समीकरणं वाढतात, पण संगणकाला त्याचं काही वाटत नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने स्वतःच हा प्रयोग करून पाहिला. २०१० चे फक्त छापील तक्ते घेतले आणि ३० कोटी ८० लाख माणसांच्या नोंदी उलट्या बांधायला घेतल्या. पत्त्याचा गट, लिंग, वय, वंश हे सगळं तंतोतंत जुळलेल्या नोंदी जवळपास ४६ टक्के निघाल्या. नावं झाकली, काम झालं, असं मानण्याचे दिवस तिथेच संपले.

उपाय म्हणून आकडे थोडे हलवायचे. त्यामागची कल्पना स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. तिचं एक सोपं रूप सांगतो. हजार माणसांना एक अवघड प्रश्न विचारायचा आहे, समजा 'तुम्ही कधी लाच दिली का?' प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं, आणि या वेळी छापा आला तर 'हो', काटा आला तर 'नाही' म्हणायचं, खरं काहीही असो. आता कोणी 'हो' म्हणालं तर तो नाण्याचा 'हो' की मनाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. पण हजारांत नाण्यामुळे आलेले 'हो' साधारण २५० असणार, हे ठाऊक आहे. एकूण ४०० जण 'हो' म्हणाले, तर २५० वजा करून १५० उरले, आणि खरं उत्तर देणारे साधारण ५०० होते. म्हणजे ३० टक्के. एकेक माणूस धुक्यात, आणि गर्दीचं चित्र जवळजवळ स्वच्छ!

२००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नेमकी व्याख्या दिली. तुमची नोंद यादीत असली किंवा वगळली, तरी छापलेल्या उत्तराची शक्यता एका ठरावीक पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. ही पट जितकी १ च्या जवळ, तितकं धुकं दाट. गंमत अशी की प्रत्येक नवा तक्ता छापला की या पटींचा गुणाकार होत जातो. म्हणून गोपनीयतेला बजेट असतं. ते कोणत्या तक्त्यावर किती खर्चायचं, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या वाड्यात एकूण सरासरी ४० ची ४२ केली आणि विणकरांची ५४ ची ५१, तर न विणणारं माणूस १२६ वजा १०२, म्हणजे २४ वर्षांचं निघतं. ती मुलगी सुटली. हाच दोन-चारचा फरक २०११ च्या सोलापूर जिल्ह्याच्या ४३ लाख १७ हजारांत टाकला, तर कुठल्याच योजनेला कळणारही नाही. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत हेच केलं. राज्यांच्या एकूण संख्या तशाच ठेवल्या आणि लहान वस्त्यांचे आकडे हलवले.

इथे एक सांगून टाकतो. पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला फसवणारे पुष्कळ आहेत. नाडीपट्टीत तुमच्या आजोबांचं नाव हजारो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे, असं सांगणारे तर जुनेच. आता लाळेच्या तपासणीतून तुमचं गोत्र सांगतो म्हणणारेही आले आहेत. डीएनएमध्ये गोत्र लिहिलेलं नसतं. पैसे घालवू नका. त्यापेक्षा आपल्या सीमाभागात बैलावर बसून येणारा हेळवी खरा. तो घराण्याच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो आणि ज्या घराची वंशावळ, त्याच घराच्या दारात वाचतो.

हेळव्याच्या या रिवाजात मला एक मोठी समज दिसते. जुनी नोंद कोणाला दाखवायची, हा प्रश्न नुसत्या वर्षांचा नाही. शंभर वर्षांच्या मुदतीमागे एक गृहीतक आहे, की गुपित माणसाबरोबर संपतं. वय, धंदा, गाव यांचं तसं होतं. १९११ साली माझे पणजोबा किती वर्षांचे होते, याने आज कोणाचं काही बिघडत नाही. पण आपल्या जुन्या जनगणनांमध्ये १८८१ पासून १९३१ पर्यंत वेड, अंधत्व, मूकबधिरपणा आणि महारोग यांचेही रकाने होते. जात तर होतीच. यातलं सगळं माणसाबरोबर जात नाही. ते नातवाच्या लग्नाच्या बोलणीत पुन्हा उभं राहतं. युरोपात ते जिवावर बेतलं. लोकसंख्येच्या नोंदींवरून नाझी ज्यूंना शोधत होते, म्हणून २७ मार्च १९४३ ला प्रतिकार करणाऱ्या तरुणांनी अ‍ॅमस्टरडॅमची नोंदणी कचेरी पेटवली.

लांब कशाला जायचं? सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बोटांच्या ठशांची रजिस्टरं. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे कोंडलं होतं. तसं ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण त्या वस्तीचा पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, हे माझ्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं आहे. त्या रजिस्टरांची शंभरी भरत आली. ती नावानिशी सगळ्यांसाठी खुली करायची का? मी म्हणेन, नाही. पण ती जाळायचीही नाहीत. तिथे झालेल्या अन्यायाचा तोच पुरावा आहे, आणि तो पाहायचा पहिला हक्क त्यांच्या नातवंडांचा आहे.

म्हणून कुलूप सगळ्या पानाला एकच नको, रकान्याला वेगळं हवं. हे करून दाखवलेलं आहे. इंग्लंडची १९११ ची जनगणना मुदतीच्या थोडी आधीच, २००९ मध्ये खुली झाली, तेव्हा अपंगत्व आणि मनोविकार यांचा रकाना झाकलेला होता. तो २०१२ मध्ये उघडला.

आपली पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीच्या हिशोबाने होते आहे. या वेळी नोंदी डिजिटल आहेत आणि जातही विचारली जाणार आहे. पूर्वी कागद ठेवायला जागा नव्हती म्हणून रद्दी झाली, ती सबब आता उरली नाही. नोंदी पुसू नका. नाव, वय, गाव, धंदा शंभर वर्षांनी उघडा. जात आणि आजार त्या घरच्या वारसांना दाखवा, अभ्यासकांना नाव झाकून आणि आकडे थोडे हलवून द्या. आणि हे आत्ताच कायद्यात लिहा. उत्तर देणाऱ्याला आपलं उत्तर कधी आणि कोणापुढे उघडणार, हे उत्तर देण्याआधी कळलं पाहिजे.

काकांना मी दोन जागा लिहून दिल्या. आजोबा सोलापुरातच वारले, तर महापालिकेचं जुनं मृत्यू रजिस्टर, आणि वडील ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश निर्गम उतारा. त्यांनी चिठ्ठी फोटोच्या मागे सरकवली.

"आणि २०२७ ला माझं नाव लिहून घेतील, ते तरी राहील का ओ सर?"