'डिस्प्ले येत नाही': जुन्या कॉम्प्युटरच्या हट्टामागचा इतिहास

जुना कॉम्प्युटर नीट सुरू होईनासा झाला की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारावा लागेल," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल. पुष्कळदा विंडोजचा त्या बिघाडाशी काडीचाही संबंध नसतो. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत मशीन अनेक टप्प्यांतून जातं. हे टप्पे कुणी एकदम बसून आखलेले नाहीत. दरवेळी एखादी अडचण आली आणि तिच्यावरचा तोडगा आधीच्या रचनेवर चढवला गेला. पडद्यावरचे चमत्कारिक संदेश आणि कॅबिनेटमधून येणारे बीप ही त्या तोडग्यांचीच शिल्लक आहे.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ ला बाजारात आलेल्या आयबीएम पीसीपासून करावी लागते. त्याच्या मदरबोर्डवर ४० केबी रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी होती. त्यात ८ केबी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, आणि उरलेल्या ३२ केबीत बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. वीज मिळताच बायोस आधी स्वतःच्याच मशीनची तपासणी करी, तिला पोस्ट म्हणतात. दोष सापडला तर तो सांगायचा कसा, हा प्रश्न होता, कारण कदाचित पडदाच बंद असेल. म्हणून स्पीकर कामाला लावला. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्डात गडबड. पडदा चालत असेल तर आकडे दिसत: २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड.

ही भाषा पुढे एक राहिली नाही. कॉम्पॅक या प्रतिस्पर्धी कंपनीने आयबीएमच्या बायोसची नक्कल न करता, तसंच वागणारं वेगळं बायोस लिहून घेतलं. १९८४ पासून फीनिक्सने असं तयार बायोस इतर कंपन्यांना विकायला सुरुवात केली. मग अवॉर्ड आणि एएमआय आल्या. प्रत्येकीचे बीप निराळे. एएमआयच्या जुन्या बायोसात तीन बीप म्हणजे मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत दोष आणि आठ म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीत. त्यामुळे "तीन बीप येतायत, काय झालं असेल?" या प्रश्नाला बायोस कुणाचं हे कळल्याशिवाय उत्तर नाही. शिवाय नंतरच्या स्वस्त असेंबल्ड मशिनांत पुष्कळदा तो छोटा स्पीकर जोडलेलाच नसे. तिथल्या शांततेवरून काहीच ठरवू नये.

रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून खोडरबरने पुसायची, हा आपल्याकडचा जुना इलाज. तो चालतोही, पण त्याचं श्रेय खोडरबराला जरा जास्तच मिळतं. संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असेल तर तो गंजत नाही. वर मळ बसतो, आणि कित्येकदा रॅम नुसती काढून परत घट्ट बसवली तरी मशीन उठतं.

मार्च १९८३ मध्ये १० एमबी हार्ड डिस्क घेऊन आयबीएमचा पुढचा पीसी, एक्सटी, आला आणि त्याच्यासोबत डॉस २.० ही विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये चार भागांची यादी आणि कुठल्या भागापासून सुरुवात करायची याची खूण ठेवायची, ही पद्धत तेव्हाची. ती खूण पुसली गेली तर डिस्कवरचा सगळा डेटा शाबूत असूनही मशीन पुढे सरकत नाही. अशा वेळी मूळ आयबीएम सरळ बेसिक उघडून बसे. इतरांच्या रॉममध्ये बेसिक नव्हतंच, म्हणून एएमआयच्या मशिनांवर 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड' असा संदेश येई. त्याचा खरा अर्थ एवढाच की डिस्कवर सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. फॉरमॅट मारायची सर्वांत वाईट वेळ ही. तो डेटा परत मिळण्याची शक्यता बरीच असते.

सर्वांत जास्त गैरसमज मदरबोर्डवरच्या छोट्या सेलमुळे, म्हणजे बॅटरीमुळे होतात. १९८४ च्या आयबीएम एटी या मॉडेलमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट मेमरी होती. १४ घड्याळासाठी, ५० मशीनच्या सेटिंगसाठी. वीज गेली तरी ती टिकावी म्हणून बॅटरी. पुढे काही बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट सोल्डर केलेली असे. ती गळली की आतलं रसायन आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. मग सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल रूढ झाला. तो संपला की तारीख मागे जाते, मशीन एफ१ दाबायला सांगतं, आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर साइट उघडायला नकार देतो. हे लक्षात तरी येतं. फसवं प्रकरण वेगळं: सेटिंग पुसलं जाऊन डिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला (डिस्कशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती), तर एक्सपी किंवा विंडोज ७ निळ्या पडद्यावर ७बी हा कोड दाखवून थांबतं. विंडोज बिघडलं असंच कुणालाही वाटेल. दोष असतो तो सेलमध्ये, आणि बायोसमध्ये जाऊन मोड परत बदलला की काम होतं.

(कीबोर्ड सापडला नाही म्हणून एफ१ दाबा, या संदेशावर सगळे हसतात. कुठलाही दोष आला तरी थांबून एफ१ची वाट पाहायची, हा एकच नियम सर्व चुकांना लावला होता, त्याचा तो परिणाम.)

सॉफ्टवेअरच्या बाजूला १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये एफ५ दाबून सुरुवातीच्या फाइली वगळता येत, एफ८ दाबून एकेक ओळ तपासता येई. विंडोज ९५ ने त्याच एफ८वर सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींनिशी सुरू होण्याची सोय दिली. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने मात्र दाखवून दिलं की सॉफ्टवेअर बायोसही पुसू शकतं. तशा बोर्डाला सेफ मोड काय करणार? त्याच सुमारास आणि पुढची काही वर्षं आतला द्रव (इलेक्ट्रोलाइट) सदोष असलेले कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे, मोठ्या प्रमाणावर बाजारात होते. त्या काळातलं मशीन सुरू होताहोता बंद पडत असेल तर बाजूचं झाकण उघडून प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, ते डोळ्यांनी पाहावं.

विंडोज ८ ने सुरुवात इतकी वेगवान केली की एफ८ दाबायला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग उरला, आणि ती सवय निकामी झाली. बायोसची जागा यूईएफआय या तेच काम करणाऱ्या नव्या प्रोग्रॅमने घेतली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपल्यावर अनेकजण जुन्या मशिनांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघतायत. तिथे नवीन अडचण येते: फक्त यूईएफआयसाठी तयार केलेला पेन ड्राइव्ह २००८-०९ च्या बायोसला सुरुवातीची डिस्क म्हणून ओळखताच येत नाही. पेन ड्राइव्ह बनवताना एमबीआर (वर सांगितलेली पहिल्या ५१२ बाइटची जुनी पद्धत) हा पर्याय निवडला की बहुधा तेच मशीन त्यावरून सुरू होतं.