‘सामानाच्या तिप्पट’ या हिशोबाचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरी शुभेच्छापत्रं बनवणाऱ्या बायकांना एक सल्ला वर्षानुवर्षं मिळतो: सामानाचा खर्च गुणिले तीन, झाली किंमत. हे चूक आहे, आणि यात कष्ट फुकट जातात.

संक्रांतीचं एक कार्ड धरा. जाड कागद, पाकीट, हलव्यासारखे चिकटवलेले पांढरे मणी, वरची प्लास्टिक पिशवी: १२ रुपये. तिप्पट ३६. पण एकेक मणी चिमट्याने बसवायला २० मिनिटं लागतात. तासाला ९० रुपये मजुरी धरली तरी ३० झाले. म्हणजे पडतळ (कार्ड बनवायचा एकूण खर्च) ४२, नफा अजून दूरच!

सहाचा संच केला की कागद एकदम कापता येतात, पिशवीही एकच. कार्डाला १५ मिनिटं, सामान ११ रुपये. संच पडतो २०१ रुपयांना. सूट द्यायची ती या वाचलेल्या पैशांतूनच. ‘पाचावर एक फुकट’ डोळे झाकून करू नका.

खडेबाजारातल्या दुकानदाराने विक्रीवर २० टक्के घेतले, तर २०१ वर २० टक्के चढवून २४१ लावू नका. हातात १९३ येतील. २०१ भागिले ०.८, म्हणजे साधारण २५२. नफा त्याआधी २०१ मध्ये जोडायचा.